लिपो बॅटरी : चार्जिंग व डिस्चार्जिंग

दूरनियंत्रित प्रतिकृती विमाने, मोटारी, नौका आणि ड्रोन यांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम पॉलिमर (संक्षेपाने लिपो) बॅटऱ्या भारित व रिकाम्या करण्याची पद्धती. मोबाइल फोनच्या बॅटरीत अतिभारण रोखणारे संरक्षक मंडल असते. छंदासाठीच्या पॅकमध्ये ते सहसा नसते. त्यामुळे ती जबाबदारी चार्जर, मोटरचा वेगनियंत्रक (ईएससी) आणि वापरणारा यांच्यावर येते.

या बॅटरीत पॉलिमर कितपत असतो, याविषयी एकवाक्यता नाही. पॉलिएथिलीन ऑक्साइड क्षारीय धातूंच्या लवणांशी संयुगे बनवते, हे फेन्टन, पार्कर व राइट यांनी १९७३ मध्ये दाखविले आणि त्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल आर्मां यांनी बॅटरीतील घन विद्युत् विच्छेद्य (इलेक्ट्रोलाइट) म्हणून त्याचा उपयोग सुचविला. तथापि असा घन पदार्थ साधारण ६०° से.च्या वर तापविल्याखेरीज पुरेसा आयनवाहक होत नसल्याने तो छंदाच्या उपयोगाचा ठरला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील बेलकोर प्रयोगशाळेत द्रव विच्छेद्य शोषून घेणारी जेलसदृश पटले विकसित झाली. आजच्या पॅकचा उगम काही जण या जेल-घटांत मानतात, तर काहींच्या मते हे ॲल्युमिनियमयुक्त लवचीक पिशवीत बंद केलेले नेहमीचे लिथियम-आयन घटच होत. चार्जिंगचे नियम दोन्हींना सारखेच लागू पडत असल्याने प्रस्तुत विषयापुरते दुसरे मत अधिक सोयीचे आहे.

एका घटाचा नाममात्र विद्युत् दाब ३.७ व्होल्ट, तर पूर्ण भारित अवस्थेतील दाब ४.२ व्होल्ट असतो. म्हणजे एकसरीत जोडलेल्या तीन घटांच्या (३एस) पॅकसाठी हे आकडे ११.१ व १२.६ होतात. चार्जर प्रथम स्थिर प्रवाह देतो व दाब प्रत्येक घटामागे ४.२ व्होल्टवर पोहोचला की तो तेथेच धरून प्रवाह उतरू देतो. ही मर्यादा ओलांडल्यास लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाच्या धनाग्रातून निम्म्याहून अधिक लिथियम निघून जाते, त्याची स्फटिकरचना अस्थिर होते, विच्छेद्याचे ऑक्सिडीकरण होऊन वायू सुटतो आणि पॅक फुगतो. केवळ एकूण दाब पाहणे पुरेसे नसते, कारण १२.६ व्होल्टच्या पॅकमधील घट ४.३, ४.२ व ४.१ व्होल्टवरही असू शकतात. म्हणूनच प्रत्येक घट स्वतंत्रपणे मोजणारी बॅलन्स-तार दर वेळी जोडावी. उत्पादकाने अधिक दर दिला नसेल, तर १सी (धारणक्षमतेच्या आकड्याइतका प्रवाह), म्हणजे २२०० मिलिॲम्पिअर-तासांच्या पॅकला २.२ ॲम्पिअर, हा प्रवाह योग्य होय. शून्य से.खाली चार्ज केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते, तर उड्डाणानंतर तापलेला पॅक निवल्याशिवाय चार्जरला लावू नये. चार्जिंग ज्वलनशील वस्तूंपासून दूर व देखरेखीखाली करावे; अग्निरोधक पिशवी ज्वाळा आवरते, पण विषारी धूर अडवीत नाही.

वापरताना धारणक्षमतेच्या सुमारे ८० टक्के खर्च झाल्यावर थांबण्याचा प्रघात आहे. भार असतानाही घट ३.० व्होल्टखाली जाऊ देऊ नये. अतिविसर्जनात ऋणाग्रामागील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो व पुढील चार्जिंगच्या वेळी ते तांबे आत निक्षेपित होऊन घटात लघुमंडल (शॉर्ट सर्किट) होऊ शकते. पॅक धारणक्षमतेच्या किती पट प्रवाह देऊ शकतो हे सांगणारा वेष्टनावरील ‘सी’ आकडा मात्र एकसमान कसोटीने ठरविलेला नसतो, तेव्हा तो जपूनच मानावा. काही दिवस वापर नसल्यास प्रत्येक घट ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवतात.

फुगलेला पॅक पुन्हा चार्ज करू नये आणि टोचूही नये. निकामी पॅक मिठाच्या पाण्यात बुडविण्याचा सल्ला छांदिष्टांत प्रचलित आहे, परंतु अग्रे गंजून तुटल्यास घट भारितच राहतात, म्हणून लहान भार (उदा., दिवा) जोडून सावकाश रिकामा करणे अधिक विश्वसनीय दिसते. आग लागल्यास भरपूर पाण्याने थंड करता येते, कारण या घटांत धातुरूप लिथियम फारसे नसते. विमानप्रवासात सुटे पॅक अग्रे झाकून हातसामानातच न्यावे लागतात व १०० वॉट-तासांपुढे विमान कंपनीची परवानगी लागते. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याचे दायित्व उत्पादकांवर असून त्या घरगुती कचऱ्यात मिसळू नयेत, अशी ग्राहकांकडूनही अपेक्षा आहे.