फ्लेक्सो छपाई: मऊ ठसा, पातळ शाई

दुधाची पिशवी किंवा पुठ्ठ्याचा खोका यांवरची छपाई बऱ्याचदा फ्लेक्सोची असते. ठसा लवचिक, शाई पातळ आणि चटकन वाळणारी. या पद्धतीचे फायदे-तोटे त्यातूनच येतात आणि तिचा इतिहास म्हणजे त्या शाईला वेसण घालण्याची धडपड.

१८९० मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलच्या बिबी, बॅरन अँड सन्स कंपनीने असं यंत्र बांधलं. पाण्यातली शाई पुसली जाई, म्हणून ते ‘बिबीचा वेडेपणा’ ठरलं. पुढे रबरी ठसे आणि अ‍ॅनिलीन या रसायनापासून बनवलेल्या रंगांची शाई आली. ‘अ‍ॅनिलीन छपाई’ हे नाव रुळलं आणि तेच अंगाशी आलं. १९४०च्या दशकात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अ‍ॅनिलीन रंग खाद्यपदार्थांच्या वेष्टनांसाठी अयोग्य ठरवले. कामं आटली. १९४९ मध्ये नव्या शायांना मान्यता मिळाली, पण नावाची धास्ती सरेना. अखेर १९५१ मध्ये मॉसटाइप कंपनीचे अध्यक्ष फ्रँकलिन मॉस यांनी आपल्या नियतकालिकाच्या वाचकांकडून नवी नावं मागवली. दोनशेहून अधिक आली. त्यातली तीन निवडून टपालाने मतं घेतली गेली आणि २१ ऑक्टोबर १९५२ रोजी ‘फ्लेक्सोग्राफिक’ जाहीर झालं. व्यवसायातल्या माणसांनीच आपल्या कामाला नाव दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

छपाईला खरी शिस्त मात्र अ‍ॅनिलॉक्स रोलरने लावली. ठशाला शाई पुरवणाऱ्या, १९३०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या रोलरच्या सूक्ष्म खळग्यांत मोजकीच शाई मावते. पुढे १९७०च्या दशकात ड्यूपाँटची सायरेल ही प्रकाशाने घडवायची पॉलिमर प्लेट, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा ठसा, आली आणि रंगछटा घडवणारे, रबराला न झेपणारे बारीक ठिपके छापता येऊ लागले.

ग्रॅव्ह्यूर या दुसऱ्या छपाई पद्धतीत धातूच्या सिलिंडरवर चित्र कोरतात; तो सिलिंडर कोरून घेण्यापेक्षा ही प्लेट बरीच स्वस्त पडते. डिझाइन सारखं बदलणाऱ्या, लहान ऑर्डर देणाऱ्या उत्पादकाला म्हणूनच फ्लेक्सो परवडते. खोक्याच्या पुठ्ठ्यावर मऊ ठसा हलकेच टेकतो, आतल्या पन्हळी चेपत नाहीत. दाब जरा वाढला, तर मात्र ठिपका पसरतो, अक्षराला शाईची किनार येते, बारकोडच्या रेघा जाड होतात. लाखो मीटरच्या, वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या कामाला ग्रॅव्ह्यूरचा सिलिंडरच टिकाऊ. फिका होत होत कोऱ्या कागदात विरणारा रंग तर फ्लेक्सोत आजही अवघड आहे: ठिपका एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही आणि रंग संपतो तिथे कड उमटते.