आडवा फरक आणि उभं सूत्र

हंगामात संकेश्वरच्या रस्त्याला लागलात की पुढे उसाची ट्रॉली असणारच. एकदा असाच तिच्या मागे अडकलो असताना एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) पोरांना घालायला गणित सुचलं. रिकामा ट्रॅक्टर-ट्रॉली ४००० किलो, एक मोळी २० किलो, असं धरलं. (खऱ्या मोळ्या एकसारख्या कुठल्या, पण गणितात चालतं.)

मोळ्या (क्ष): १, २, ३, ४
काट्यावरचं वजन (य): ४०२०, ४०४०, ४०६०, ४०८०

नियम लिहा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "वीस-वीस वाढूलंय की, सर!" आणि वहीत उतरतं य = क्ष + २०. बोलला ते बरोबर, लिहिलं ते चूक. क्ष जागी १ घाला: वजन २१ किलो. ट्रॅक्टर गेला कुठं?

पोरानं पाहिलं ते य-य मधलं नातं: आधीच्या वजनात २० मिळवा म्हणजे पुढचं. सूत्राला हवं असतं क्ष आणि य मधलं नातं. पहिल्यात नजर एकाच ओळीतून सरकते, दुसऱ्यात ती वरून खाली, मोळ्यांवरून वजनावर यायला हवी. फरकाचे २० वाया जात नाहीत, पण ते क्षला गुणायला येतात, मिळवायला नाही. मग शून्य मोळ्यांपाशी मागे या: ४०२० मधून २० गेले, उरले ४०००. म्हणून य = २०क्ष + ४०००. आता ३०० मोळ्यांचं वजन एका दमात: १०,००० किलो. पायरी-पायरीनं गेलो असतो तर शेजारी चहा गार झाला असता.

तक्ता असा आला तर मात्र हुशार पोरंही घसरतात: मोळ्या १००, १५०, २००, वजन ६०००, ७०००, ८०००. फरक १००० दिसतो आणि १०००क्ष लिहून मोकळी होतात. पण मोळ्याही ५०-५० नं वाढल्यात. १००० भागिले ५०, परत तेच २०.

म्हणून पायरीचा नियम कमी दर्जाचा, असं नाही. छंदांतल्या लघु-गुरूंच्या मांडण्या मोजताना जैन पंडित हेमचंद्रांनी ११५० च्या सुमारास सांगितलेली रीत पायरीचीच: आधीच्या दोन आकड्यांची बेरीज. १, २, ३, ५, ८... याचं थेट सूत्रही आहे, पण त्यात ५ चं वर्गमूळ येतं. तिथं मी पायरीच घेईन.

आणि फरक एकसारखे नसतील, जसं १, ४, ९, १६ मध्ये ३, ५, ७, तर मोळीवाला साचा लागत नाही. इथं सूत्र क्षचा वर्ग.

एक गंमत. १, २, ४ नंतर काय? दुप्पट म्हणाल तर ८. फरक १, २, मग ३ म्हणाल तर ७. दोन्ही नियम तिन्ही आकड्यांना चपखल बसतात. तक्ता बिचारा गप्प. उसाच्या तक्त्यात हा घोळ नाही, कारण मोळी २० किलोचीच, हे आपणच रस्त्यावर ठरवलं होतं.