यमक जुळतंय म्हणजे युद्धाचं कौतुकच?

एक समज कायम फिरत असतो, की यमक-ताल असलेली युद्धकविता म्हणजे युद्धाचा गौरव आणि खरी वेदना फक्त मुक्तछंदात येते. असं नाहीये. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) खंदकात लढलेल्या कितीतरी इंग्रज कवींनी पक्क्या छंदात, यमक जुळवूनच युद्धाची भीषणता लिहिली. काहींनी तर अर्धं यमक वापरलं, म्हणजे व्यंजनं तीच पण स्वर बदललेला. आपल्याकडे 'वीर' आणि 'वार' घ्या ना, कान जुळणीची वाट बघतो आणि ती जरा हुकते, ती अस्वस्थता कवीला हवीच असते, मला तर हे फार ताकदीचं वाटतं.

मग एखादी कविता युद्धाचं कौतुक करतेय की नाही, हे तपासायचं कसं? आधी कविता मोठ्याने वाचा, ताल कुठे अडखळतो बघा आणि तिथे काय घडतंय ते बघा. मग क्रियापदांखाली रेघा मारा, सैनिक 'झेपावतो' की 'खोकतो, घसरतो, ओढला जातो'? बोलतोय कोण, सैनिक की लांबून बघणारा, आणि शेवटच्या ओळींत सूर पलटतो का? हे सगळं बघून झालं की मगच कविता युद्धाच्या बाजूची की विरोधातली ते ठरवा, आणि कधीकधी ती दोन्ही असते.