कागद अस्सल, मजकूर खोटा

"अहो, पण मूळ कागद आहे! वर तारीख, खाली साक्षीदारांची नावं. मग खोटं कसं म्हणता?"

व्याख्यानानंतरच्या चहापाण्यात हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की हल्ली 'अहो, पण' कानावर पडलं की मी दुसरा कप मागवतो. बोलणारा बहुधा चांगला वाचणारा असतो, हीच पंचाईत. ज्याने इतिहासाचं काही वाचलेलंच नाही त्याला समजावता येतं. ज्याने चार खंड चाळले आहेत त्याला 'अस्सल' आणि 'खरं' हे दोन वेगळे शब्द आहेत हे पटवताना दमछाक होते.

बखर आणि पत्र यांतला फरक मी इथे सांगत बसणार नाही, तो तुम्हाला ठाऊक आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्याच खंडात बखरींची सालटी काढली, तेव्हापासून 'समकालीन पत्र आधी, बखर मागाहून' हे आपल्या अंगवळणी पडलं. चांगलंच झालं. पण त्यात एक गडबड झाली. बखरीवरचा विश्वास उडाला, तो सगळाच्या सगळा पत्रावर जाऊन बसला. कागद अस्सल ठरला की मजकुराला आपोआप मोक्ष!

पाठ्यपुस्तकं याला बहिरंग परीक्षण आणि अंतरंग परीक्षण म्हणतात. पोरं व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. साध्या भाषेत, पहिला प्रश्न असा की हा कागद ज्याचा म्हणून पुढे आलाय त्याचाच आहे का, त्याच काळातला आहे का. दुसरा प्रश्न असा की यात लिहिलंय ते घडलं का. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचं 'हो' येत नाही. आणि पहिल्याचं 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचंही 'नाही' येत नाही. ही दुसरी बाजू तर लोकांच्या गावीही नसते.

युरोपातल्या ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांच्या कागदपत्रांत या दोन्ही गफलती इतक्या ठसठशीत सापडतात की मी नेहमी तीच उदाहरणं घेतो.

१३४८ साल. युरोपात प्लेग पसरतोय आणि ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली आहे. जिनिव्हा सरोवराच्या काठी शियों नावाचा किल्ला आहे, तेव्हा तो सव्हॉयच्या काउंटच्या ताब्यात होता. तिथे सप्टेंबरात तोनों गावचा बालाविन्यी नावाचा ज्यू शस्त्रवैद्य पकडून आणला गेला. त्याने कबुली दिली की आपल्याला विष पाठवण्यात आलं आणि ते आपण झऱ्यात टाकलं. किल्लेदाराने त्याला होडीतून क्लारांस गावी नेलं. त्याने जागा दाखवली. नोटरीच्या समक्ष झरा धुंडाळला, आत एक कापडाची चिंधी मिळाली. हीच ती विषाची पुरचुंडी, असं कैद्याने ओळखून सांगितलं. सगळं लिहून घेतलं गेलं.

म्हणजे पंच आहेत, पंचनामा आहे, मुद्देमाल आहे, ओळख पटवली आहे. कागद शंभर टक्के अस्सल. आपल्याकडच्या एखाद्या दफ्तरात असा कागद सापडला असता तर त्यावर तीन लेख आणि एक परिसंवाद झाला असता.

आणि विष? विष नव्हतंच. प्लेग विहिरीतल्या विषाने होत नाही. सार्वजनिक झऱ्यात चिंधी सापडणं ही काय नवलाई आहे? आमच्या गावच्या विहिरीचा गाळ काढताना चिंध्या, चपला आणि एकदा तर अख्खी सायकल निघाली होती. बालाविन्यी असं का बोलला, हेही त्या कागदातच लिहिलं आहे: त्याला थोडा वेळ यातना देण्यात आल्या. लिहिणाऱ्याने ते लपवलं नाही, कारण त्याच्या लेखी ती रीतसर प्रक्रिया होती. अंतरंग परीक्षणाला लागणारा सगळ्यात मोठा पुरावा कागदानेच हातात ठेवलाय. तो वाचायचा सोडून लोक नोटरीचं नाव वाचतात.

मोडी वाचणाऱ्यांना हे खरं तर चटकन कळायला हवं. दिव्याचे, म्हणजे अंगावर कसोटी घेऊन केलेल्या निवाड्यांचे, महजर (निवाडापत्रं) आपण पाहिलेत. उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, काढायचा, हात बांधून ठेवायचा, काही दिवसांनी सोडून बघायचा. हात शाबूत असेल तर माणूस खरा. महजर अस्सल, गोतसभेची, म्हणजे निवाडा करणाऱ्या सभेची, नावं अस्सल, दिव्य झालं हेही खरं. पण वतन मुळात कोणाचं होतं हे त्या तळहाताला काय माहीत? महजर आपल्याला दिव्याबद्दल सांगतो, वतनाबद्दल नाही. शियोंचा कागद तसाच चौकशीबद्दल सांगतो, विषाबद्दल नाही. त्या कामासाठी तो अनमोल आहे. चौकशी करणाऱ्यांच्या डोक्यात कट कसा रचलेला होता, कोणती नावं वदवून घ्यायची होती, हे त्यात स्वच्छ दिसतं. जिनिव्हाच्या आजिमेत नावाच्या ज्यूची कबुली बघा. १० ऑक्टोबर १३४८ ची. तो व्हेनिसपासून कालाब्रिया, आपुलिया ते तुलूझपर्यंत विष पेरत गेल्याचं सांगतो. त्यालाही आधी यातनाच झाल्या होत्या.

किल्लेदाराने या कबुल्यांच्या नकला स्ट्रासबुर्ग शहराला धाडल्या, कारण त्या शहराने पत्राने विचारणा केली होती. १४ फेब्रुवारी १३४९, शनिवार, म्हणजे ज्यूंच्या शब्बाथचा, साप्ताहिक विश्रांतीचा दिवस. स्ट्रासबुर्गच्या ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत नेऊन जाळण्यात आलं. प्लेग त्या शहरात अजून पोहोचलासुद्धा नव्हता. आणि हे एका सकाळी बेभान झालेल्या गर्दीचं काम नव्हतं. ज्यूंना पाठीशी घालणारं नगरमंडळ काही दिवस आधीच कारागीर संघांनी खाली खेचलं होतं. नंतर कर्जाच्या चिठ्ठ्या आणि गहाण वस्तू ऋणकोंना परत मिळाल्या, रोकड वाटली गेली. शहराचाच इतिवृत्तकार क्लोझेनर लिहून गेलाय की हा पैसाच ते विष होतं, ज्याने ज्यू मेले. तो २००० मेल्याचं सांगतो. मध्ययुगीन इतिवृत्तातला गोल आकडा म्हणजे 'पुष्कळ', एवढंच समजावं. पण पैशाबद्दलचं वाक्य मी वजनदार मानतो, कारण ते त्याच्या स्वतःच्या गावाला लाज आणणारं आहे. आपल्याच माणसांविरुद्ध जाणारी साक्ष माणूस उगाच देत नाही.

"त्या काळी कोणाला कळणार होतं?" असं कोणी म्हणालं की मी पोप सहावा क्लेमेंट पुढे करतो. त्याने १३४८ सालीच फर्मान काढून सांगितलं की प्लेगने ज्यूही मरतायत आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही प्लेग आहे. झालं अंतरंग परीक्षण, दोन वाक्यांत. त्याला जंतुशास्त्र येत नव्हतं, शियोंच्या नोटरीचा शिक्का तपासायचीही गरज पडली नाही.

आता उलट गफलत. किशिनेव्ह, १९०३. तेव्हा रशियन साम्राज्यातल्या बेसाराबियाची राजधानी, आज मोल्दोवाची. जवळच्या दुबोसारी गावात एका ख्रिस्ती मुलाचा खून झाला. 'बेसाराबेत्स' या वर्तमानपत्राने ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याचं रक्त काढलं अशी हाकाटी चालवली, आणि ईस्टरच्या दिवशी जमाव ज्यू वस्तीत घुसला. दोन दिवस लूट, बलात्कार, खून. ४९ ज्यू मारले गेले, शेकडो जखमी झाले. छावणीतलं सैन्य दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हललं. (तारखेबद्दल एकच: जुन्या रशियन पंचांगाने ६-७ एप्रिल, आपल्या नेहमीच्या पंचांगाने १९-२०. दोन्ही बरोबर. यावर भांडू नका.)

महिन्याभराने लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एक गुप्त पत्र छापून आलं. गृहमंत्री प्लेव्हे यांनी घटनेच्या आधीच बेसाराबियाच्या गव्हर्नरला लिहिलेलं. ज्यूंविरुद्ध काही गडबड झालीच तर हत्यार चालवू नका, समजुतीने घ्या, असा आशय. जगभर खळबळ उडाली. रशियाने इन्कार केला आणि 'टाइम्स'च्या बातमीदाराला हाकललं. पण मूळ पत्र कोणीच कधी दाखवलं नाही. १९१७ च्या क्रांतीनंतर झारची दफ्तरं उघडली, तिथेही त्याचा माग लागला नाही. आज बहुतेक इतिहासकार ते बनावट मानतात. मीही मानतो.

इथे दोन प्रकारची माणसं उठतात. एक म्हणतात, "एवढा अत्याचार झाला, म्हणजे पत्र खरंच असणार." दुसरे, आणि यांच्यावर माझा खरा राग आहे, म्हणतात, "पत्र बनावट निघालं ना? मग बाकीच्या कहाण्यांचंही तसंच." दोघांची चूक एकच. ४९ मृत त्या पत्रावर अवलंबून नाहीत. प्रेतांची छायाचित्रं आहेत, रुग्णालयाच्या नोंदी आहेत, खटले चालले, गव्हर्नरची उचलबांगडी झाली. पत्र काढून टाकलं तर एवढंच निसटतं की राजधानी पीटर्सबर्गहून लेखी हुकूम आला होता. सैन्य उशिरा हललं हे पत्राशिवायही तसंच उभं राहतं. आणि बनावट म्हणून ते पत्र फेकूनही द्यायचं नाही. १९०३ साली प्लेव्हेबद्दल लोक काय खरं मानायला तयार होते, त्याचं ते अस्सल साधन आहे.

हे सगळं सांगत असताना कोणीतरी किशिनेव्हला 'दंगल' म्हणतंच. कृपा करून म्हणू नका. आपल्या कानाला दंगल म्हटलं की एकमेकांशी लढणारे दोन गट दिसतात, इथे एका गटाने दुसऱ्यावर चाल केली होती. रशियनमधला 'पोग्रोम' हा शब्द जगाने जसाच्या तसा उचलला तो यासाठीच. मराठीत तो खुशाल वापरा, 'रेल्वे' पचली तर हाही पचेल.

आता बखर आणि पत्र यांच्याकडे एकदा वळावंच लागतं, कारण किशिनेव्हला तीही जोडी एकाच माणसाच्या हातची आहे. ओडेसातल्या ज्यू मंडळींनी बिआलिक या तरुण हिब्रू कवीला जबान्या घ्यायला तिकडे पाठवलं. तो काही आठवडे राहिला, घरोघर फिरला, वह्याच्या वह्या भरल्या. परत येऊन त्याने अहवाल दिला नाही, कविता लिहिली. तिच्यात ज्यू पुरुष कोपऱ्यांत लपून बायकांची विटंबना बघत राहतात. कविता जबरदस्त आहे. तिने एक पिढी लाजेने पेटली आणि ठिकठिकाणी स्वसंरक्षणाची पथकं उभी राहिली. मग 'किशिनेव्हचे ज्यू पळपुटे होते' हे इतिहास म्हणून सांगितलं जाऊ लागलं. कवी स्वतः तिथे गेला होता, लोकांशी बोलला होता, आणखी काय हवं?

हव्या होत्या त्या वह्या. त्या छापून आल्या १९९१ साली. त्यांत दुसऱ्या दिवशी सकाळी काठ्या-सळ्या घेऊन जमलेले ज्यू आहेत, आणि पोलिसांनी हुसकावलेले तेही ज्यूच आहेत. लपलेले लोकही आहेत, नाहीत असं नाही. जबान्याही काही आठवड्यांनी घेतलेल्या, धसका बसलेल्या माणसांच्या, तेव्हा त्याही चाळून घ्यायच्या. पण कवीने काय ऐकलं आणि त्यातलं काय ठेवलं हे आता ताडून पाहता येतं. कविता अस्सल आहे, बिआलिकचीच आहे, त्याच वर्षी लिहिलेली आहे.

वर्गात मी शेवटी त्या कवितेचं पहिलं छापील शीर्षक फळ्यावर लिहितो: 'नेमिरोव्हचं ओझं'. नेमिरोव्ह हे युक्रेनमधलं गाव, तिथे ज्यूंची कत्तल झाली ती १६४८ साली. "हा कागद कोणत्या घटनेचा?" असं विचारलं की सगळे १६४८ म्हणतात. झारच्या सेन्सॉरमुळे किशिनेव्हचं नाव घालता येत नव्हतं, हे मी त्यानंतर सांगतो.