पॉवर सीटची वायरिंग: बिघाड शोधण्याची रीत कशी बदलत गेली

बटण दाबलं आणि सीट हलली नाही की बहुतेकांचा हात आधी मोटरकडे जातो. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: या गाडीत मोटरचा करंट बटणातूनच वाहतो, की बटण फक्त मॉड्यूलला (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) निरोप देतं? तपासाची सगळी दिशा यावर अवलंबून आहे आणि उत्तर गाडीच्या पिढीत सापडतं.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांत सीट तेलाच्या दाबावर सरकायची. विजेचा एक पंप, नळ्या आणि सिलिंडर एवढाच तो संसार, त्यामुळे बिघाड म्हणजे बहुधा तेलगळती. १९५०च्या दशकात अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. तेवढ्याच कामाला निम्मा करंट पुरू लागला आणि हायड्रॉलिकची जागा विजेच्या मोटरने घेतली. सुरुवातीला एकच मोटर सोलेनॉइडच्या (विजेने हलणाऱ्या खटक्याच्या) साहाय्याने वेगवेगळ्या हालचाली करायची. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉहॅममध्ये तर सीटची जागा लक्षात ठेवण्याची सोयही होती. पुढे प्रत्येक हालचालीला स्वतंत्र, कायम चुंबकाची डीसी मोटर आली. ती मांडणी आजही चालू आहे.

साध्या स्विचच्या गाडीत या मोटरला दोनच तारा असतात. बटण मोकळं असताना दोन्ही तारा स्विचमधून अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला) जोडलेल्या असतात. पुढे दाबलं की एका तारेला १२ व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थवरच राहते. मागे दाबलं की उलट. म्हणून सीट पुढे जाते पण मागे येत नाही, अशी तक्रार असेल तर फ्यूज आणि मोटर ठीक आहेत. सीट सरकते ती रेल अडकलेली नसेल, तर स्विचचा कॉन्टॅक्ट जळलेला असण्याचीच शक्यता जास्त. सगळ्याच हालचाली एकदम बंद असतील, तर फ्यूज (बहुधा २५ किंवा ३० अँपिअर), मुख्य सप्लाय किंवा सामाईक अर्थ पाहावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण सीट जागची हलत नाही, तर वायरिंगला हातच लावू नये. केबल किंवा गिअर झिजला आहे. सीट मध्येच थांबते आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होते, तेव्हा रेलमध्ये नाणं किंवा पेन अडकलंय का ते पाहावं. मोटरमधला थर्मल कटआउट तापून सुटतो आणि थंड झाला की पुन्हा जोडला जातो, फ्यूज मात्र शाबूत राहतो.

सगळ्यात जास्त फसगत मल्टिमीटरने होते. कपलर (तारा जोडणारा प्लग) काढून मोजलं की १२.६ व्होल्ट दिसतात आणि ‘सप्लाय ठीक आहे’ म्हणून चांगली मोटर बदलली जाते. डिजिटल मीटरचा आतला रोध १० मेगाओमच्या आसपास असतो. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेली पिनही पूर्ण व्होल्टेज दाखवते. तिथे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि खराब जोड असेल तर मंद पेटतो. याहून चांगलं म्हणजे कपलर जोडलेलाच ठेवून बटण दाबायचं आणि कपलरच्या मागच्या बाजूने मोजायचं. सप्लायच्या बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त किंवा अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टहून जास्त घट आली, तर दोष वाटेतल्या तारेत किंवा जोडात आहे.

पुण्यात हा जोड पावसाळ्यात हमखास दगा देतो. सनरूफचे किंवा एसीचे ड्रेन तुंबले की पाणी कार्पेटखाली साचतं, आणि सीटचे कपलर नेमके तिथेच असतात. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा पुरात सापडलेल्या गाडीत तर पिनांवरचा हिरवा गंज काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. कार्पेट वरून कोरडं लागलं, तरी खालचा फोम दाबून पाहावा.

१९९४ मध्ये व्होल्वोने सीटमध्येच साइड एअरबॅग बसवली आणि सीटखाली हात घालण्याची पद्धतच बदलली. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. इग्निशन बंद करावं, बॅटरीची निगेटिव्ह काढावी, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावं आणि मगच सीट उचलावी. कपलर सुटा असताना इग्निशन चालू केलं, तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अनेक गाड्यांत स्कॅनरशिवाय जात नाही.

बटण फक्त निरोप देतं, त्या गाड्यांची गोष्ट वेगळी. बॉशने १९८६ मध्ये कॅन बस, म्हणजे मॉड्यूलमधले निरोप नेणारी तारांची जोडी, जाहीर केली, १९९१च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती रस्त्यावर आली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका तारेवर चालणारी स्वस्त लिन बस आली. पुणे परिसरात हा प्रवास डोळ्यांसमोर झाला. १९९५ पासून पिंपरीत मर्सिडीज ई-क्लासची जुळणी सुरू झाली. २०२० मध्ये इथल्याच टाटा हॅरिअरला ड्रायव्हरची पॉवर सीट मिळाली, तर २०२१च्या चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही७००ला सीटची मेमरी.

मेमरीच्या सीटमध्ये मॉड्यूल हॉल सेन्सरचे (मोटर फिरली की खूण देणाऱ्या चुंबकीय सेन्सरचे) पल्स मोजून सीट कुठे आहे ते ओळखतं. पल्स आले नाहीत, तर ते मोटर क्षणात थांबवतं, म्हणून सीट दर दाबाला जराशीच सरकते. अशा वेळी मोटर चांगली असते, सेन्सरची तार तुटलेली असू शकते. बॅटरी काढल्यावर मेमरी विसरली, तर बऱ्याच गाड्यांत सीट दोन्ही टोकांपर्यंत नेऊन शिकवावी लागते. साध्या स्विचच्या गाडीत त्याच पार्ट नंबरचा जुना स्विच चालून जातो. मॉड्यूलला मात्र अनेकदा त्या गाडीसाठी कोडिंग करावं लागतं. तेव्हा पुण्याच्या नाना पेठेत पार्ट शोधायला निघण्याआधी कोडिंग कोण करून देणार, ते विचारून घ्यावं.