पेढी बुडाली की घराणं? मेडिची आणि फुगर यांच्यातली गल्लत

फँटसी कादंबऱ्यांत आणि गेममध्ये एक घराणं हमखास भेटतं. कधीकाळी व्यापार आणि सावकारीच्या जोरावर राजांना गादीवर बसवणारं, आता उतरती कळा लागलेलं. वाडा अजून भव्य आहे, दारावर कुलचिन्ह आहे, आणि तिजोरीत खडखडाट. या घराण्याचा खरा नमुना इतिहासात कुठला, असं विचारलं की कुणी फ्लोरेन्सच्या मेडिचींचं नाव घेतं, कुणी ऑग्सबर्गच्या फुगरांचं. बहुतेक जण दोन्ही नावं एकाच दमात घेतात, जणू एकाच कथेचा इटालियन आणि जर्मन अवतार.

गल्लत होणं स्वाभाविक आहे. दोघांनी पोपचे व्यवहार सांभाळले, दोघांनी राजांना अवाढव्य कर्जं दिली, दोघांच्या वंशजांना मोठ्या पदव्या मिळाल्या आणि दोघांच्या जुन्या पेढ्या काळाच्या ओघात संपल्या. पण त्या कशा संपल्या आणि त्या वेळी घराणं कुठं होतं हे पाहिलं की दोन्ही वाटा अगदी उलट्या दिशांना जातात. मेडिचींची पेढी आधी बुडाली आणि सरदारकी नंतर आली. फुगरांना सरदारकी आधी मिळाली, पेढी तिच्या सावलीत शंभरेक वर्षं आकसत गेली, आणि घराणं आजही आहे.

मेडिचींपासून सुरुवात करू. १३९७ मध्ये जोव्हानी दि बिच्ची याने फ्लोरेन्समध्ये पेढी काढली. चर्चला व्याज मान्य नव्हतं, म्हणून कमाई हुंडीतून व्हायची. एका शहरात एका चलनात पैसे द्यायचे, दुसऱ्या शहरात दुसऱ्या चलनात परत घ्यायचे आणि विनिमयाच्या दरात नफा धरायचा. पोपच्या खजिन्याचं काम हाती असल्यामुळे रोमची शाखा सगळ्यात जास्त कमावत असे. जोव्हानीचा मुलगा कोसिमो याच्या काळात जिनिव्हा, ब्रुज, लंडन, आविन्यों, मिलान अशा ठिकाणी शाखा उभ्या राहिल्या.

या शाखांची बांधणी समजून घेतल्याशिवाय पेढी का बुडाली ते कळत नाही. प्रत्येक शाखा म्हणजे कायद्याने स्वतंत्र भागीदारी होती. मोठा हिस्सा मेडिचींचा, पण तिथला व्यवस्थापकही भांडवल घालून भागीदार झालेला. त्यावरून ब्रुजमध्ये एक खटलाही झाला. मिलानच्या एका व्यापाऱ्याने लंडन शाखेकडून घेतलेले लोकरीचे गठ्ठे नीट बांधलेले नव्हते, म्हणून त्याने ब्रुज शाखेकडे भरपाई मागितली. दोन्ही शाखांचा मालक एकच ना, हा त्याचा मुद्दा. ब्रुजचा व्यवस्थापक तोमासो पोर्तिनारी याने सांगितलं की लंडनची भागीदारी वेगळी, आमची वेगळी, आणि न्यायालयाने ते मान्य केलं. एका शाखेचा तोटा दुसरीच्या अंगावर येऊ नये म्हणून केलेली ही योजना फार शहाणपणाची होती, पण ती चालवायला फ्लोरेन्समध्ये बसून प्रत्येक शाखेचे हिशेब काटेकोर तपासणारा मालक हवा होता. जोव्हानी तसा होता, कोसिमोही होता.

कोसिमोचा नातू लोरेन्झो तसा नव्हता. १४६९ मध्ये, विशीत, त्याच्याकडे सूत्रं आली. राजकारण, कविता आणि कलावंतांचा सहवास यांत तो रमला आणि पेढी फ्रान्चेस्को सास्सेत्ती या मुख्य कारभाऱ्यावर सोडली. सास्सेत्तीने व्यवस्थापकांना मोकळं रान दिलं. लंडनमध्ये इंग्लिश लोकर बाहेर नेण्याचा परवाना हवा असेल तर राजाला कर्ज द्यावं लागे. त्या नादात चौथ्या एडवर्डकडे इतकी रक्कम अडकली की शाखाच गुंडाळावी लागली. ब्रुजमध्ये त्याच पोर्तिनारीने बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला मुक्तहस्ताने पैसे दिले, आणि जानेवारी १४७७ मध्ये चार्ल्स नान्सीच्या लढाईत मारला गेला. दरबारात वजन वाढावं म्हणून दिलेली ही कर्जं होती आणि त्यांच्यामागे पुरेसं तारण नव्हतं. मेडिचींच्या पेढीला खरा सुरुंग लागला तो इथे, असं माझं मत आहे.

बाकीचे घाव लागोपाठ आले. पोप चौथा सिक्स्टस याने आपल्या खजिन्याचं काम आणि तोल्फाच्या खाणींतल्या तुरटीचा मक्ता मेडिचींकडून काढून त्यांचे प्रतिस्पर्धी पात्सी यांच्याकडे दिला. कापड रंगवायला तुरटी लागतेच, त्यामुळे हा मक्ता म्हणजे बारमाही उत्पन्न होतं. १४७८ मध्ये पात्सींनी कॅथेड्रलमध्ये, प्रार्थना चालू असताना, मेडिची भावांवर हल्ला केला. जुलियानो जागीच गेला, लोरेन्झो वाचला. शहरावरची त्याची पकड त्यानंतर आणखी घट्ट झाली, पेढी मात्र पोकळ होत गेली. १४९२ मध्ये लोरेन्झो वारला. १४९४ मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स सैन्य घेऊन इटलीत उतरला, लोरेन्झोचा मुलगा पिएरो याला फ्लोरेन्सकरांनी हाकलून दिलं आणि उरलीसुरली पेढी त्यात संपली.

इथे एक गोष्ट नेहमी विसरली जाते. १४९४ पर्यंत फ्लोरेन्सच्या या मेडिचींकडे राजपद नव्हतं, ड्यूकपद नव्हतं. कोसिमो कागदोपत्री साधा नागरिक होता. शहरातल्या पदांसाठी पिशवीतून चिठ्ठ्या काढत, आणि पिशवीत कुणाची नावं पडतील हे तो आपल्या माणसांकरवी ठरवत असे. त्याची सत्ता ती एवढीच, आणि ती पुरेशी होती. राजेशाही थाट आला तो पेढी बुडाल्यानंतर. घराण्यातले दोघे पोप झाले, दहावा लिओ आणि सातवा क्लेमेंट. १५३२ मध्ये आलेस्सांद्रो फ्लोरेन्सचा ड्यूक झाला. पाच वर्षांनी त्याचा खून झाल्यावर गादी गेली ती कोसिमोच्या धाकट्या भावाच्या वंशाकडे, आणि त्यातलाच, कोसिमो याच नावाचा एक वंशज १५६९ मध्ये टस्कनीचा ग्रँड ड्यूक झाला. १७३७ मध्ये जान गास्तोने निपुत्रिक वारला आणि राज्य लोरेनच्या घराण्याकडे गेलं. तो ऱ्हास वारस नसल्याचा होता. पेढीच्या हिशेबाशी त्याचा काही संबंध नव्हता, कारण पेढी बंद पडून २४३ वर्षं झाली होती. जान गास्तोनेची बहीण आन्ना मारिया लुइसा हिने मात्र करार करून घेतला की घराण्याचा कलासंग्रह फ्लोरेन्सबाहेर जाणार नाही. फ्लोरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयातली चित्रं आज तिथेच पाहायला मिळतात ती या बाईंमुळे. सगळं संपत असताना नेमकं काय वाचवायचं हे इतकं स्पष्ट कळलेलं माणूस त्या घराण्यात क्वचितच झालं असेल.

आता फुगर. हान्स फुगर हा विणकर १३६७ मध्ये खेड्यातून ऑग्सबर्गला आला. त्याचा नातू याकोब याने घराण्याला शिखरावर नेलं. तोही राजांनाच कर्ज देत होता, पण त्याची रीत वेगळी होती. टिरोलचा आर्चड्यूक सिगिस्मुंड याला पैसे दिले ते श्वात्सच्या चांदीवर. कर्ज फिटेपर्यंत खाणीतली चांदी ठरलेल्या स्वस्त दराने फुगरांना मिळायची. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट माक्सिमिलियान याच्या बाबतीतही तेच, शिवाय हंगेरीच्या राज्यातलं तांबं. मेडिचींच्या व्यवस्थापकांनी राजाचा शब्द घेतला, याकोबने खाणीचं उत्पन्न घेतलं.

आणि त्याने जमीन घेतली. १५०७ मध्ये माक्सिमिलियानकडून किर्शबर्ग आणि वाइसनहोर्न हे मुलूख त्याच्याकडे आले, १५१४ मध्ये तो साम्राज्याचा काउंट झाला. पेढी भरात असतानाच घराणं जहागीरदार बनलं होतं. पेढीत एकच कर्ता, भांडवल घराण्यातल्या पुरुषांचं, मुलींना त्यात वाटा नाही, असा त्याचा दंडक होता. मुलींवर तो उघड अन्याय होता, पण त्यामुळे भांडवलाची वाटणी टळली. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राटपदी निवडून आणायला साडेआठ लाख गुल्डनच्या (तिथल्या नाण्याच्या) आसपास खर्च झाला. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा याकोबचा. चार वर्षांनी वसुली रखडली तेव्हा त्याने चार्ल्सला पत्र लिहून आठवण दिली की माझ्या मदतीशिवाय हा मुकुट मिळाला नसता. कर्जदार सम्राटाला असं लिहिण्याची छाती किती सावकारांची असेल?

याकोबला मूल नव्हतं. १५२५ नंतर पुतण्या आन्टोन कर्ता झाला आणि १५४६ मध्ये मालमत्ता पन्नास लाख गुल्डनवर पोचली. पण तोवर बहुतेक अंडी एकाच टोपलीत गेली होती, हॅब्सबर्गांच्या, म्हणजे चार्ल्सच्या राजघराण्याच्या. स्पेनमधल्या लष्करी धर्मसंघांच्या जमिनींचा मक्ता आणि अल्मादेनचा पारा फुगरांकडे होता खरा, पण त्यासाठी राजाला पुन्हा पुन्हा कर्ज द्यावं लागायचं. १५५७ मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने देणी थांबवली आणि सावकारांच्या हातात रोख रकमेऐवजी कमी व्याजाचे दीर्घ मुदतीचे रोखे ठेवले. पुढे १५७५ आणि १५९६ मध्येही तेच झालं.

पुढच्या पिढीला पेढीची ओढच उरली नव्हती. आन्टोनने शेवटी पुतण्यांकडे कारभार सोपवायचा प्रयत्न केला तर त्यांनी अंग काढून घेतलं. हान्स याकोबने नाइलाजाने जबाबदारी घेतली, पण त्याचा जीव पुस्तकांत. तो स्वतः कर्जात बुडाला आणि बव्हेरियाच्या ड्यूककडे नोकरीला गेला. त्याचा ग्रंथसंग्रह ड्यूकने विकत घेतला आणि तो म्युनिकच्या आजच्या राज्य ग्रंथालयाच्या पायात आहे. मार्क्स फुगरने पेढी बऱ्यापैकी सांभाळली आणि घोड्यांच्या पैदाशीवर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास घराण्यातल्या दोन भावांनी मिऱ्याच्या व्यापारात ऑग्सबर्गच्याच वेल्सर या सावकार घराण्याबरोबर पैसे घातले. त्यांचा प्रतिनिधी फर्डिनांड क्रोन १५८७ मध्ये भारतात आला आणि पुढे गोव्यात स्थायिक झाला. ऑग्सबर्गच्या पैशाचं एक टोक असं मांडवीपर्यंत पोचलं होतं. ते वेल्सर १६१४ मध्ये साफ दिवाळखोर झाले. फुगरांवर ती वेळ आली नाही. तीस वर्षांच्या युद्धानंतर, सतराव्या शतकाच्या मध्याला, त्यांची पेढी गाजावाजा न होता मिटली.

याला मी ऱ्हास म्हणायला कचरतो. पैसा व्यापारातून काढून गावं, जंगलं आणि किल्ल्यांत ठेवला गेला, आणि राजा रोखे नाकारू शकतो तसं जंगल नाकारता येत नाही. १८०३ मध्ये बाबेनहाउझेन शाखेचा प्रमुख प्रिन्स झाला. याकोबने १५२१ मध्ये गरजूंसाठी स्थापलेली फुगराई ही वसाहत ऑग्सबर्गमध्ये अजून चालू आहे, खर्च मुख्यतः घराण्याच्या प्रतिष्ठानच्या जंगलांतून निघतो. वर्षाचं भाडं पूर्वी एक ऱ्हाइन गुल्डन होतं, आज ८८ युरोसेंट आहे. रहिवाशांनी संस्थापकांसाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या, ही अटही कायम आहे.

स्वतःच्या फँटसी जगात असं घराणं उभं करणाऱ्याने आधी ठरवावं की आपण यातलं कोणतं लिहितोय. मेडिची वळणाच्या घरात कर्त्याला खतावणी वाचता येत नाही, परमुलखातले व्यवस्थापक त्याच्यापेक्षा सुखी आहेत, आणि तरी शहर त्याला घाबरतं. तिथला शत्रू सुरा घेऊन देवळात येतो, आणि एखादं परकं सैन्य सीमेवर आलं की सगळं एका मोसमात कोसळतं. फुगर वळणाच्या घरात दारात शत्रू नसतो. कपाटात राजाच्या मोहोरेचे रोखे असतात, ते पूर्ण किमतीला कुणी घेत नाही. म्हाताऱ्या काकाला पेढीवर बसायला माणूस हवा असतो, आणि पुतण्यांपैकी एकाला ग्रंथालय बांधायचं असतं, दुसऱ्याला घोडे पाळायचे असतात, तिसऱ्याचं लग्न अशा घरात ठरलेलं असतं जिथे सावकारीचा उल्लेखही खपत नाही.