लोकर कातरणी (माणदेश)

मेंढीच्या अंगावरची लोकर कातरीने उतरवण्याचे काम म्हणजे कातरणी. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत धनगर समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. विणायला घेतलेल्या लोकरीपायी मेंढीचे हाल तर झाले नाहीत ना, या प्रश्नाचे इथले उत्तर बहुतांशी कातरणीतच मिळते.

इथली मुख्य मेंढी दख्खनी: काटक, बहुधा काळी, चराईसाठी मैलोगणती चालणारी. लोकर राठ, आखूड आणि वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी, बाकदार नाकाची माडग्याळी मेंढी मटणासाठी पाळतात. तिच्या अंगावर लोकर फारशी नसते.

कातरणी साधारण वर्षातून दोनदा होते. आधी मेंढ्या ओढ्यावर किंवा तळ्यावर धुऊन अंग पूर्ण वाळू देतात, कारण ओली लोकर ढिगात कुबट होते. कातरायच्या आधी काही तास चारा बंद ठेवलेला बरा. भरल्या पोटाची मेंढी आडवी पाडली की तिला धाप लागते. खरे कसब डाव्या हातात असते. जाणता माणूस त्या हाताने कातडी ताणून धरतो आणि कातर अंगालगत सपाट चालवतो. घाईत लोकरच मुठीत धरून ओढली, तर कातडीची घडी वर उचलली जाते आणि पात्यात सापडते. कास, मांडीची आतली बाजू आणि कानामागची जागा इथे हात हळूच चालला पाहिजे. चीर पडली तर हळद-तेल लावतात; उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत किडे पडतात. दिवस भरत आलेली गाभण मेंढी वगळावी. नुकती कातरलेली मेंढी गार वाऱ्या-पावसात सापडली तर गारठून दगावू शकते, म्हणून आभाळ पाहूनच कातर हातात घ्यावी.

जगभर टीका होते ती वेगळ्या प्रथेवर. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीची कातडी सुरकुत्यांची असते. शेपटीखालच्या ओलसर घड्यांत माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. ते टाळण्यासाठी कोकराच्या मागील भागाची कातडीच कापून काढतात. याला म्यूलसिंग म्हणतात. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१८ पासून त्यावर बंदी घातली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड’ या प्रमाणपत्रातही त्याला मनाई आहे. दख्खनी मेंढीला अशा घड्या नसतात, त्यामुळे आपल्याकडे ही कापाकापी होत नाही. मात्र भारतातील मऊ स्वेटरांची बरीच मेरिनो लोकर ऑस्ट्रेलियातून येते, म्हणून ‘मेरिनो’ लिहिलेल्या लडीबाबत दुकानात हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

माणदेशातला प्रश्न भावाचा आहे. सनगर विणकर ही लोकर पिंजून, कातून, सुताला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणतात. घोंगड्यांचा खप घटला तसा लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही, आणि अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. कातरणी टाळता येत नाही. वाढलेल्या लोकरीत गोचिडी आणि घाण साठते, उन्हाळ्यात जनावर तळमळते. पण कातरलेला माल उकिरड्यावरच जाणार असेल, तर काम सावकाश करायला कोण थांबेल? माझ्या मते मेंढीच्या अंगावरच्या बऱ्याचशा चिरा या घाईतूनच येतात. पैदाशीचे लक्षही आता मटणाकडे आहे: फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची ‘नारी सुवर्णा’ मेंढी जुळ्या कोकरांसाठी ओळखली जाते.

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे रंगीत गुंडे बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. धाग्याचे टोक जाळून पाहावे: खरी लोकर जळक्या केसासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. दख्खनी सूत अंगाला टोचते, म्हणून त्याची आसने, पिशव्या, सतरंज्या चांगल्या होतात. अंगावर घ्यायचेच असेल तर जावळाचे सूत मागावे. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण. तीच सगळ्यांत मऊ असते.